घरी असूनही हजेरीवर

2011 साली जर्मनीतल्या फोक्सवागन कंपनीने कामगार प्रतिनिधींशी बोलून एक साधी तांत्रिक सोय केली. शिफ्ट संपून अर्धा तास झाला की कंपनीचा सर्व्हर कर्मचाऱ्यांच्या ब्लॅकबेरी फोनवर ईमेल पाठवणं थांबवायचा आणि दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू होण्याच्या अर्धा तास आधी पुन्हा सुरू करायचा. सामूहिक वेतनकराराखाली येणाऱ्या हजाराहून थोड्या जास्त लोकांपुरती ही सोय होती. वरिष्ठ व्यवस्थापक तिच्यात नव्हते. फोन बंद होत नसे, त्यावर बोलता येई. फक्त ऑफिसचा ईमेल येत नसे. रात्री ईमेल पाहू नका, मुलांना वेळ द्या, असा उपदेश कंपनीने कुणाला केला नाही. पाहण्यासारखं काही येणारच नाही, एवढी तजवीज केली.

तीन वर्षांनी डाइमलर या दुसऱ्या मोटार कंपनीने याच्याही पुढचं पाऊल टाकलं. तिथला कर्मचारी रजेवर गेला आणि त्याने हा पर्याय निवडला, की त्या काळात त्याला आलेले ईमेल पुसून टाकले जात. पाठवणाऱ्याला लगेच कळवलं जाई की तुमचा ईमेल ठेवलेला नाही, काम निकडीचं असेल तर अमुक व्यक्तीशी बोला, नाहीतर अमुक तारखेनंतर पुन्हा पाठवा. जर्मनीतल्या सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांना हा पर्याय खुला झाला. रजेवरून परतल्यावर चारशे न वाचलेले ईमेल वाट पाहत बसलेत या धास्तीने रजेचे शेवटचे दोन दिवस ज्याचे वाया गेलेत, त्याला या सोयीचं मोल वेगळं सांगायला नको.

ही दोन्ही उदाहरणं मला मोलाची वाटतात, कारण दोन्हींत रात्रीच्या निरोपाचं ओझं घेणाऱ्याच्या डोक्यावरून काढून पाठवणाऱ्याच्या बाजूला ठेवलं आहे. आपल्याकडे हा विषय निघाला की नेमकं उलटं होतं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, नोटिफिकेशन बंद करा, 'नाही' म्हणायला शिका, असे सल्ले मिळतात. म्हणजे ज्याचा वेळ जातोय, त्यानेच तो सावरायचा. गेल्या वीसेक वर्षांतलं संशोधन पाहिलं तर हे सल्ले का पुरत नाहीत, ते स्पष्ट दिसतं.

पहिली गोष्ट म्हणजे, त्रास कामाच्या तासांपुरता नसतो. व्हर्जिनिया टेक विद्यापीठातले विल्यम बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोकरदारांबरोबर त्यांच्या नवऱ्याबायकांचाही अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा की कामाच्या वेळेनंतर ईमेलवर नजर ठेवावी अशी नुसती अपेक्षा असली, तरी चिंता वाढते. त्या रात्री प्रत्यक्ष काम किती झालं, हा मुद्दा वेगळाच. आणि ही चिंता नोकरी करणाऱ्यापुरती राहत नाही, जोडीदाराच्या आरोग्यावर आणि दोघांच्या नात्यावरही ती उतरते. हे वाचून अनेक घरांतलं एक जुनं भांडण उलगडतं. एक म्हणतो, 'मी आत्ता फोनला हात तरी लावलाय का?' दुसरी म्हणते, 'हात लावला नाहीस, पण लक्ष तिकडेच आहे.' दोघंही खरं बोलत असतात.

लक्ष तिकडे का राहतं, याचं उत्तर सोफी लरॉय या अभ्यासिकेने 2009 मध्ये दिलं. एका कामावरून दुसऱ्याकडे वळताना मन पूर्णपणे वळत नाही, पहिल्या कामाचा काही अंश मागे रेंगाळतो, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. पहिलं काम अर्धवट सुटलं असेल तर हा अंश जास्तच. रात्री पावणेनऊला आलेला 'उद्या बोलू, जरा गंभीर आहे' एवढाच निरोप हे अर्धवट कामाचं टोकाचं रूप म्हणावं लागेल. त्यावर करण्यासारखं काहीच नसतं आणि विचार मात्र रात्रभर पुरतो.

याचा मुलांवर काय परिणाम होतो? अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात बालरोगतज्ज्ञ जेनी रॅडेस्की आणि त्यांचे सहकारी खाणावळींमध्ये जाऊन बसले आणि लहान मुलांना घेऊन आलेल्या मोठ्या माणसांचं गुपचूप निरीक्षण केलं. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 55 जण होते. त्यांतल्या 40 जणांनी जेवताना मोबाईल वापरला. फोनमध्ये पूर्ण बुडून गेलेल्यांची काही मुलं स्वतःतच रमत, काही लक्ष वेधायला खोड्या काढू लागत, आणि त्यावर मोठ्यांची प्रतिक्रिया अनेकदा रागाची असे. ही माणसं ऑफिसचं काम करत होती की आणखी काही, ते त्या अभ्यासाने तपासलेलं नाही. मुलाच्या बाजूने पाहिलं तर त्याने फरकही पडत नाही. आई समोर आहे, तिचा चेहरा खाली आहे, आणि आपण कधी बोललेलं तिला ऐकू जाईल याचा अंदाज लागत नाही, एवढंच त्याला कळतं. मोठ्यांचं कामाला जाणं मुलांना समजतं, ते निघून जाताना दिसतात आणि परत येतानाही दिसतात. समोर असूनही नसणं, हे तिसरं काहीतरी त्यांना समजत नाही.

मग रात्रीचे निरोप पाठवणारे सगळे दुष्ट असतात का? तसं नाही. कॉर्नेल विद्यापीठाच्या व्हनेसा बोन्स आणि त्यांच्या सहसंशोधक लॉरा जुर्जे यांनी 2021 मध्ये दाखवून दिलं की कामाच्या वेळेबाहेर आलेल्या बिनतातडीच्या ईमेलला किती लवकर उत्तर हवं आहे, याचा घेणाऱ्याचा अंदाज बहुधा चुकतो. पाठवणाऱ्याला अपेक्षित असतं त्यापेक्षा लवकर उत्तर द्यायला हवं, असं त्याला वाटतं. पाठवणाऱ्याने फक्त डोक्यातली गोष्ट विसरण्याआधी लिहून टाकलेली असते. 'याची घाई नाही, सवडीने कळवा' एवढी एक ओळ जोडली तरी हा गैरसमज बराच कमी होतो, हेही त्यांना आढळलं. अधिकार हातात असलेल्या प्रत्येक माणसाने ही ओळ लिहायची सवय लावून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. तिला खर्च काही नाही.

पण गैरसमज दूर करून सगळं सुटेल असंही नाही, कारण लवकर उत्तर देणारा माणूस नकळत इतरांच्या अपेक्षा वाढवत असतो. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या लेस्ली पर्लो यांनी हे चक्र नेमकं पकडलं. कामाची गरज म्हणून कुणीतरी रात्री उत्तर देतो. तो रात्री सापडतो हे कळल्यावर सहकारी, वरिष्ठ, ग्राहक त्याला रात्रीच विचारू लागतात. मागणी वाढली म्हणून तो आणखी जुळवून घेतो, आणि जुळवून घेतो म्हणून मागणी आणखी वाढते. थोड्या दिवसांत सगळ्या गटाला ती कामाची नैसर्गिक गरज वाटू लागते; कुणी हे ठरवलं होतं हे कुणालाच आठवत नाही. मेलिसा मझमानियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही 2013 च्या एका लेखात हेच दाखवलं. फोनवरच्या ईमेलमुळे आपल्याला मोकळीक मिळाली, हवं तेव्हा हवं तिथून काम करता येतं, असं त्यांना भेटलेले व्यावसायिक सांगत. प्रत्येक जण एकेकट्याने मोकळा होत होता आणि सगळे मिळून बांधले जात होते.

पर्लो यांनी चक्र सांगून हात झटकले नाहीत. बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीत, जिथे चोवीस तास उपलब्ध असणं हीच प्रतिष्ठा मानली जाई, तिथे त्यांनी ते उलटं फिरवून पाहिलं. पहिल्या प्रयोगात गटातल्या प्रत्येकाने आठवड्यात एक पूर्ण दिवस सुटी घ्यायची होती. दुसऱ्यात एक संध्याकाळ : सहानंतर काम नाही, ईमेल नाही, आणि ती संध्याकाळ कोणती हे आधीच ठरलेलं. ऐच्छिक नव्हे, सक्तीची. लोकांनी आधी विरोध केला. आपल्या बढतीवर परिणाम होईल, ग्राहक नाराज होईल, बाकीच्या रात्री जास्त काम पडेल, अशी भीती होती. पण एखादा माणूस अमुक संध्याकाळी मिळणारच नाही म्हटल्यावर त्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी माहीत असावं लागलं, त्यासाठी बोलावं लागलं, कुठलं काम खरंच निकडीचं आहे याची आधी चर्चा करावी लागली. लोकांचं समाधान वाढलंच, शिवाय कामाचा दर्जाही सुधारल्याचं गटांनी सांगितलं. एका माणसाने फोन बंद ठेवला असता तर तो कामचुकार ठरला असता. सगळ्यांनी मिळून ठरवल्यावर तो नियम झाला.

मुंबईच्या गिरणगावाला ही गोष्ट एकशे चाळीस वर्षांपूर्वीच कळलेली होती. 1884 च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. आठवड्याची एक सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढीच कामाची वेळ, अशा त्या मागण्या होत्या. 1890 च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हजारो कामगार जमले. दोन कामगार स्त्रियांनीही तिथे भाषणं केली. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

या रविवाराचा एक गुण आपण आता पाहतही नाही. तो सगळ्यांचा एकच दिवस होता. प्रत्येक कामगाराला सोयीने कुठलाही दिवस सुटीला दिला असता तर चालू यंत्रांच्या आवाजात सुटीवरच्या माणसाला बोलावणं फार सोपं होतं. गिरणीचं दारच बंद असल्यावर बोलावणं येणार कुठून? फोक्सवागनच्या सर्व्हरने केलं ते हेच : दार बंद केलं. आज ते दार आपल्या खिशात आहे आणि त्याला कडी नाही.

या विषयावर लिहिताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पुण्यातल्या हिंजवडी आणि खराडीतल्या आयटी कंपन्या येतात. तिथला प्रश्न खराच आहे, आणि तो नुसत्या वरिष्ठांच्या स्वभावाचा नाही, पृथ्वी गोल असल्याचा आहे. न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसहा, आणि हिवाळ्यात साडेसात. सॅन फ्रान्सिस्कोची सकाळ तर आपल्या रात्री साडेनऊनंतर उजाडते. तिकडच्या टीमची पहिली मीटिंग आणि इकडच्या घरातलं पान वाढणं एकाच वेळेला येतं. तरीही तिथल्या इंजिनिअरला करारपत्र असतं, पगार असतो, नोकरी बदलायची निदान शक्यता असते.

मला जास्त काळजी वाटते ती जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेची. तिच्या फोनमधला केंद्राचा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा, व्हॉट्सअॅप ग्रुप पाहा. रात्री साडेनऊला निरोप येतो, सुरुवात 'अत्यंत तातडीचे' अशी. खाली एका शीटची लिंक. पटसंख्या, आधार जुळलेले आणि न जुळलेले विद्यार्थी, पोषण आहाराचे लाभार्थी, सगळं उद्या सकाळी अकराच्या आत भरायचं. पाच मिनिटांत 'ओके सर' आणि जोडलेल्या हातांची रांग लागते. तासाभराने दुसरा निरोप येतो : ज्या शाळांची माहिती अजून आलेली नाही त्यांची यादी. आता आपल्या शाळेचं नाव सगळ्या केंद्राने वाचलेलं असतं. शाळेचं हजेरीपत्रक शाळेत, मुलीची उद्याची चाचणी घरात, सासूबाईंच्या गोळ्या द्यायच्या राहिलेल्या, आणि ती आठवून आठवून आकडे भरत बसते.

हे रात्रीच का होतं, त्याला कारण आहे. माहिती मागवली जाते मुंबईतून किंवा पुण्यातून, आणि खाली येताना ती जिल्हा, तालुका, बीट, केंद्र अशा पायऱ्या उतरते. वर जाताना प्रत्येक पायरीला ती एकत्र करून, तपासून पुढे पाठवायला वेळ हवा असतो. तो वेळ प्रत्येक जण आपल्या खालच्याच्या वाट्यातून कापून घेतो. वरच्या टोकाला दोन दिवस दिलेले असले तरी शाळेपर्यंत पोचेतो त्यातली एक रात्र उरते. कागदी पत्रांच्या काळात ही कापाकापी शक्य नव्हती. परिपत्रक पोस्टाने यायचं आणि ऑफिस बंद असताना ते कुणी उघडत नसे. व्हॉट्सअॅपने 2014 मध्ये निळ्या खुणा आणल्या आणि निरोप वाचला आहे हेही वरच्याला दिसू लागलं. सरकारी आदेश कोणत्या वेळेत ग्रुपवर टाकावा यावर बंधन घालणं कुठल्याही जिल्ह्याला आज शक्य आहे. संध्याकाळी सहानंतर टाकलेल्या निरोपाची मुदत दुसऱ्या दिवशीच्या कामाच्या वेळेपासून मोजायची, एवढा एक नियम केला तरी त्या स्त्रीची रात्र तिला परत मिळेल.

'स्त्री' हा शब्द मी मुद्दाम वापरला. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात, पुरुषांची 88. जवळजवळ पाच तास एकीकडे आणि दीड तास दुसरीकडे. ऑफिसचं काम घरात शिरतं तेव्हा ते रिकाम्या जागेत शिरत नाही; आधीच चालू असलेल्या कामावर येऊन बसतं. पुरुषाच्या विश्रांतीतून घेतलेला अर्धा तास आणि स्त्रीच्या घरकामातून घेतलेला अर्धा तास यांत फरक आहे, कारण दुसरा अर्धा तास नंतर झोपेतून भरून काढावा लागतो.

न्यायाने पाहायचं तर घर आणि कामातली सीमा पुसट होण्याचा फायदाही काही स्त्रियांना होतो. चार वाजता मुलाला पाळणाघरातून आणायचं आणि राहिलेला अहवाल रात्री लिहायचा, ही सवलत ज्या आईला मिळते तिला फोक्सवागनचा बंद सर्व्हर नको असेल. समाजशास्त्रज्ञ क्रिस्टिना निपर्ट-एंग यांनी 1996 च्या आपल्या पुस्तकात लोक घर आणि काम कसं वेगळं ठेवतात हे त्यांच्या किल्ल्या आणि कॅलेंडरं पाहून शोधलं होतं. काहींच्या घरच्या आणि ऑफिसच्या किल्ल्या दोन जुडग्यांत असतात, काहींच्या एकाच. दोन्ही प्रकारची माणसं सुखी असू शकतात. सवाल एवढाच की जुडगं एक ठेवायचं की दोन, हे ठरवतो कोण.

कायद्याने यात हात घातला तो पहिल्यांदा फ्रान्समध्ये. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच म्हटलं होतं की कामाच्या वेळेबाहेर स्वतःच्या मोबाईलवर न सापडणं हे गैरवर्तन ठरत नाही. तो खटला एका रुग्णवाहिका चालकाचा होता. पुढे 1 जानेवारी 2017 पासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना संपर्क तोडण्याच्या हक्काबद्दल कामगार संघटनांशी बोलणी करणं बंधनकारक झालं. पोर्तुगालने 2021 मध्ये बाजू पालटली : कर्मचाऱ्याला उत्तर न देण्याचा हक्क देण्यापेक्षा मालकावरच त्याच्या विश्रांतीत संपर्क न साधण्याचं कर्तव्य टाकलं. मला हीच रचना अधिक योग्य वाटते. ऑस्ट्रेलियात 26 ऑगस्ट 2024 पासून हा हक्क लागू झाला. तिथे उत्तर न देणं अवाजवी होतं का हे ठरवताना संपर्काचं कारण, त्याने किती व्यत्यय आला, उपलब्ध राहण्याचे जादा पैसे मिळतात का, माणसाचं पद कोणतं, इतकंच नव्हे तर त्याच्या घरची परिस्थिती आणि सांभाळायची माणसं, हेही पाहिलं जातं. घरात आजारी म्हातारं माणूस असणं हा नोकरीच्या कायद्यात विचारात घेण्याचा मुद्दा झाला, ही छोटी गोष्ट नाही.

भारतात हा विषय संसदेत आणला तो बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी. 2018 च्या डिसेंबरात त्यांनी लोकसभेत यासाठी खाजगी विधेयक मांडलं. वेळेबाहेरच्या फोनला उत्तर दिलं नाही म्हणून कारवाई होऊ नये आणि काम केलंच तर त्याचे पैसे मिळावेत, असं त्यात होतं. 2025 च्या डिसेंबरात त्यांनी हा विषय पुन्हा मांडला. खाजगी सदस्यांची विधेयकं आपल्याकडे क्वचितच पार होतात. स्वातंत्र्यानंतर अशी चौदाच विधेयकं कायदा झाली, आणि शेवटचं 1970 मध्ये.

पण उद्या हा कायदा झाला असं धरून चाललं तरी एक मोठा गट बाहेर राहण्याची भीती आहे. 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. फोन सारखे अडकतात, मेमरी पुरत नाही, पोषण ट्रॅकर अॅप इंग्रजीत माहिती मागतं, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. वजनं, उंची, वाटलेला आहार, सगळं त्याच फोनवर भरायचं, आणि गावात रेंज नसली की हे भरणं रात्री घरी. सेविकांना मिळतं ते मानधन. आशा या आरोग्य स्वयंसेविकांना कामागणिक मोबदलाही. दोघींनाही सरकार कर्मचारी मानत नाही, आणि उपलब्ध न राहण्याचा हक्क जगभर जिथे जिथे आला तो कर्मचाऱ्यांसाठी आला.

25 एप्रिल 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांनी अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचा निकाल दिला. हे अर्धवेळ काम असल्याचा युक्तिवाद त्यात नाकारला गेला. हे पूर्णवेळ काम आहे असं निकालात म्हटलं आहे. पूर्णवेळ म्हणजे दिवसाचे किती तास आणि ते संध्याकाळी किती वाजता संपतात, हे महिला व बालविकास खात्याने आता लेखी सांगायला हवं, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांनाही ते लागू करायला हवं.